आप्पांची बारव, माझा नकाशा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण ह्या किश्श्यात थोड्याच वेळात एक माणूस जातो. आणि तो गेल्यावर मी जो घोळ घातला, तसा घोळ कुठल्याही नव्या सुनेनं कुठल्याही सासरी घातला नसेल. भाजीत मीठ दोनदा पडतं, दूध उतू जातं, पाहुण्यांदेखत हातातून ट्रे निसटतो. हे सगळं माफ असतं हो. मी एका मेलेल्या माणसाला चुकीच्या पत्त्यावर पोचवलं!

मी तशी कमी बोलणारी. पण नकाशांचा विषय काढा, मग मला आवरणं कठीण. कामच ते आहे माझं. एका खाजगी कंपनीत जुने गावनकाशे स्कॅन होऊन येतात, त्यांच्यावरच्या रेषा आम्ही संगणकावर गिरवतो. शेत, नाला, गाडीवाट, विहीर. ज्या बांधासाठी लोक एकमेकांची डोकी फोडतात, तो माझ्या पडद्यावर केसाएवढा असतो.

पोह्यांच्या कार्यक्रमात अमोलनं विचारलं, "आवड कशाची?"

स्वयंपाक, वाचन, रांगोळी असं काहीतरी म्हणायचं असतं, मला पढवून पाठवलं होतं. मी म्हणाले, "जुने नकाशे."

आणि मग सुटलेच. नकाशात वर उत्तर दिशा असते हा काही निसर्गाचा नियम नाही, ही नुसती सवय आहे. एके काळी अरब लोक दक्षिण वर काढायचे. युरोपातले पाद्री पूर्व वर काढायचे. कुणा एकानं आफ्रिकेत नसलेली डोंगररांग काढली, तर पुढं कित्येक वर्षं सगळे नकाशेवाले तीच रांग इमानदारीनं उतरवून घेत राहिले. जाऊन बघतंय कोण?

सासूबाईंनी माझ्यापुढं बशी सरकवली. "खा गं बाई, गार होतायत."

लग्न ठरलं. का ठरलं ते अमोलला विचारा.

आता आप्पा. आप्पा म्हणजे अमोलचे आजोबा, नव्वदीच्या पलीकडचे. गाव फुलंब्रीच्या पुढं, पण डोळे गेले तेव्हापासून आमच्याकडे शहरात, सिडकोत राहायला आलेले. तोंड तिखट. गावाकडच्या शेताशेजारी रंभाजी तात्या नावाच्या माणसाचं शेत, आणि आप्पांचं नि त्यांचं बांधावरून जन्मभराचं भांडण. इतकं, की बैल त्या अंगाला वळला तर आप्पा बैलाशी अबोला धरायचे, असं सासरे सांगतात. दोन वर्षांमागं रंभाजी तात्या गेले, त्यांच्याच शेतात बांधालगत त्यांना अग्नी दिला, वर ओटा बांधला, तेव्हा आप्पा एवढंच म्हणाले होते, "बांधाला चिकटून जळाला का? जाता जाता बी सरकलाच."

लग्नानंतर चारच दिवसांत त्यांनी हाक मारली, "ती नकाशाची पोरगी कुठंय?"

मी गेले. ते पलंगावर, मी त्यांच्या समोर खाली जमिनीवर. नवी सून आजेसासऱ्यांच्या शेजारी पलंगावर बसते होय? त्यांनी उशाखालून एक घडी काढून मांडीवर पसरली. कापडावर डकवलेला नकाशा, निजामाच्या काळातला. एका बाजूची पट्टी वाळवीनं खाल्लेली, आणि उरलेल्यावर अक्षर न् अक्षर उर्दू. आप्पांची शाळा निजामाच्या राज्यातली, त्यांना उर्दू मराठीइतकीच जवळची.

"दिसत नाय आता. पण ह्यो मला पाठ हाय," ते म्हणाले. बोट चाचपत चाचपत एका बारीक गोलावर येऊन थांबलं. "ही आपली बारव. बुजवली लोकांनी. हिच्या कडंला तुझी आजेसासू हाय. मला तिच्याशेजारी न्यायचं. दुसरीकडं नेलं तर भूत होऊन येईन."

"हो आप्पा."

"वाचता येतंय ना तुला हे?"

इथं जरा थांबा. इथं मी 'नाही' म्हणायला हवं होतं. उर्दूतला एक नुक्ता मला कळत नाही. कंपनीत असले नकाशे माझ्या शेजारच्या टेबलावरची रुबीना बघते. पण नव्या सुनेला पहिल्या आठवड्यात एकच शब्द येत असतो. झोप लागली ना? हो. वांगं चालतं ना? हो. उर्दू येतं ना?

"हो आप्पा."

"शाणी हाय," म्हणून त्यांनी नकाशा माझ्या ओटीत टाकला आणि भिंतीकडं तोंड करून झोपले. एखादं ओझं उतरवून झोपावं तसे.

आजेसासूबाई गेल्या तेव्हा माझे सासरे, म्हणजे बाबा, शाळेतही जात नव्हते, आणि त्यांची बहीण, अमोलची आत्या, तर पाळण्यात होती. आईचं ठिकाण दोघांनाही माहीत नाही. आप्पा तिथं एकटेच जाऊन यायचे, कुणाला सोबत नेलं नाही. पुढं बारव बुजली, तिच्या कडेचा लिंब तोडला, ट्रॅक्टर लावून शेत सपाट केलं. राहिला तो कापडावरचा गोल. आणि तो माझ्या कपाटात, साड्यांच्या खाली.

दिवाळीच्या आधी आप्पा गेले. सकाळचा चहा घेतला, कप खाली ठेवला, तेवढंच.

दुपारी शववाहिका गावात पोचली. आत्या आधीच येऊन बसली होती. बाबांना बिलगून रडली, डोळे पुसले, आणि पहिला प्रश्न केला, "दादा, आईपाशी न्यायचं म्हणत होते. आई कुठंय?"

बाबा म्हणाले, "वावरात."

"वावर काय टीचभर हाय का? वावरात कुठं?"

अंगणातल्या म्हाताऱ्यांना विचारलं. एक म्हणाले, बारव वरच्या अंगाला. दुसरे म्हणाले, छ्या, नाल्याकडं. तिसरे म्हणाले, बारव नव्हतीच, आड होता. त्यावर पहिले दोघं एक झाले आणि तिसऱ्यांवर तुटून पडले. "तुम्ही तवा सासुरवाडीला पडीक होता, तुम्हाला काय म्हाईत?" "तुझ्या लग्नाला पाणी त्याच आडाचं व्हतं, नाय तर बोहल्यावर तसाच बसला असता!"

आप्पा मधोमध. पांढऱ्या कापडाखाली. ऐकून घेत.

बाबांचा चेहरा मला बघवेना. पन्नाशीचे दिवस कधीच मागं टाकलेला माणूस, पण 'आई कुठंय' ह्या प्रश्नापुढं अगदी हरवलेल्या पोरासारखा उभा.

तेवढ्यात अमोल म्हणाला, "अगं, नकाशा आणलास ना तू?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. मी पिशवीतून घडी काढली. मनात आलं, पटकन फोटो काढून रुबीनाला पाठवावा. पण समोर मयत, हातात हिरवा चुडा, आणि नवी सून मोबाइल काढून फोटो काढतेय? आत्याची नजर आधीच माझ्या बांगड्यांवर होती. राहू दे म्हटलं. नकाशाच तर आहे. माझं काम आहे हे!

कापड पसरलं. चौकोनी शेत. वर एक जोडरेघ, खाली एक जोडरेघ. शेताच्या वरच्या अंगाला गाडीवाट आणि खालच्या अंगाला नाला, हे मला ठाऊक होतं. दोन्ही तशाच नागमोडी. कुठली कुठली ते सांगणारं अक्षर उर्दूत, आणि दिशेचा बाण जिथं असतो ती पट्टी वाळवीच्या पोटात. मी डोळे मिटून आठवलं. आप्पांनी बोट ठेवलं तेव्हा गोल कुठं होता? वर, उजव्या हाताला. अगदी लख्ख आठवत होतं.

"वरच्या अंगाला," मी म्हणाले. "उगवतीचा कोपरा."

सासरी भरल्या अंगणात उच्चारलेलं माझं हे पहिलं वाक्य.

"तिथं पलीकडं तर रंभाजी तात्याचा ओटा हाय," कुणीतरी म्हणालं.

"नकाशात तसंच आहे," मी म्हणाले. आवाजात काय तो भरवसा! आफ्रिकेतली डोंगररांग काढणाऱ्याचा आवाजसुद्धा असाच असणार.

लाकडांची ट्रॉली निघाली. जागा दाखवायला मी हवी म्हणून बाबांनी मलाही बसवलं. आत्या म्हणाली, "नवी नवरी मसणात? अशी रीत कुठं असती का?" बाबा म्हणाले, "आई सापडायलीय, येऊ दे तिला."

मी लाकडांशेजारी नकाशा मांडीवर घेऊन बसले. कोपऱ्यात पोचल्यावर ट्रॅक्टरवाल्यानं विचारलं, "वहिनी, हितं का आनखी पुढं?"

"अजून थोडं. बांधाकडं."

बांधापलीकडं रंभाजी तात्यांचा मुलगा उत्तम कपाशीत उभा होता. दोन्ही घरांत बोलणं नव्हतं. तो बघत राहिला, मग त्याला राहवेना. "आप्पा हितं? आमच्या तात्याजवळ?"

अमोल म्हणाला, "आजी इथं आहे. बारवेपाशी. आप्पांनी सांगून ठेवलं होतं."

उत्तम खालीच बसला. "काकू हितं हायेत? ह्या बांधाला? आन् आमचा बाप जन्मभर हितंच नांगर घालत व्हता?"

बघा, इथून गाडी उताराला लागली. बाबांनी ते ऐकलं आणि त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आप्पा बांधासाठी का भांडत होते? जमिनीसाठी? नाही! आईच्या जागेवर नांगर जाऊ नये म्हणून! आणि गड्यानं उभ्या जन्मात हे कुणाला सांगितलं नाही!

बाबा ढसाढसा रडले. उत्तम बांध ओलांडून आला, बाबांच्या गळ्यात पडला आणि तोही रडला. त्याच्या शेतातली वाळकी लाकडं त्यानं स्वतः वाहून आणून सरणावर रचली. आप्पांना अग्नी दिला तेव्हा वारा पलीकडं वाहत होता, सगळा धूर रंभाजी तात्यांच्या ओट्यावर. लोक म्हणाले, भेट झाली.

मग भाषण. आमच्याकडं सरणापुढंही भाषण होतं. गावातले एक पुढारी उभे राहिले. "आप्पांसारखा क्षमाशील माणूस ह्या पंचक्रोशीत झाला नाही." मी त्या माणसाबरोबर दोन महिने राहिले होते. दूधवाल्यानं एकदा पातळ दूध घातलं होतं, त्याला आप्पांनी शेवटपर्यंत क्षमा केली नव्हती.

संध्याकाळी कडू घास उत्तमच्या घरून आला. मयताच्या घरी चूल पेटवायची नसते, पहिलं जेवण दुसऱ्यांनी आणायचं. त्याच्या बायकोनं पिठलं-भाकरी आणली. त्या घरचं अन्न ह्या घरात आलेलं कुणाच्या आठवणीत नव्हतं. आत्यानं घास घेतला आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "पोरी, तू नसतीस तर आई सापडलीच नसती गं." आणि मला जवळ घेतलं. हिरव्या चुड्यासकट.

मी काय केलं? मी लाजून खाली बघितलं. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

रक्षा कायगावला गोदावरीत सोडली. दहावा झाला. बाबा नि उत्तमनं मिळून ठरवलं की बांधावरची काटेरी कुंपणं काढायची आणि त्या कोपऱ्यात ओटा बांधायचा. वर काळ्या दगडाची पाटी, तिच्यावर आप्पांचं नाव आणि शेजारी आईचं. गवंडी ठरला. बाबा रोज जेवताना पाटीचा मजकूर बदलायचे. "आईचं नाव आधी लिहावं का गं? ती आधीपासून तिथं आहे."

मी कामावर परत रुजू झाले. जेवणाच्या सुट्टीत रुबीनाला नकाशा दाखवला. शाबासकी घ्यायची होती, दुसरं काय!

रुबीनानं भाकरी खाली ठेवली, हात पुसले आणि म्हणाली, "सीधा तो पकड."

"सरळच आहे."

"उलटा आहे बाई." तिनं कापड माझ्या हातातून घेतलं आणि पूर्ण फिरवलं. "हे बघ. ज्याला तू वरचा रस्ता म्हणतेस ना, इथं लिहिलंय 'नाला'. आणि ही खालची 'गाडीवाट'. और ये कोने में, 'बावली', म्हणजे तुमची बारव. नाल्याकडं, मावळतीला." मग माझ्याकडं बघून तिचं हसू विरलं. "काय झालं? एक रेघ उलटी गिरवली म्हणून नोकरी जाते का? पुसून परत काढ."

"रुबीना, ह्याच्यावरून आम्ही एक माणूस जाळलाय."

"या अल्लाह," ती म्हणाली, आणि डबाच बंद केला.

आणि तेव्हा मला ते लख्ख आठवलेलं चित्र पुन्हा आठवलं. गोल वर उजव्या हाताला. बरोबरच होतं हो! पण कुणाच्या उजव्या हाताला? नकाशा आप्पांच्या मांडीवर होता, सरळ, त्यांच्या बाजूनं. मी समोर, खाली, मर्यादेनं बसलेली. माझ्याकडून सगळं उलटं. दोन पावलं पुढं होऊन त्यांच्या शेजारी टेकले असते तर एक संसार पुन्हा जुळला असता.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आले तर बाबा गॅलरीत पाटीच्या मजकुरावर शेवटचा हात फिरवत बसलेले. गवंडी दुसऱ्या दिवशी येणार होता. म्हणजे आता बोलले नाही, तर माझी चूक दगडात कोरली जाणार.

सांगितलं. सगळं. कापड त्यांच्यापुढं पसरून, ह्या वेळी त्यांच्या बाजूनं सरळ.

त्यांनी कापडावरच्या गोलावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "म्हणजे बांधाचं ते भांडण... आईसाठी नव्हतं?"

"नाही बाबा."

"मग कशासाठी होतं?"

"नुसतंच भांडण होतं."

"आणि आता आप्पा..."

"रंभाजी तात्यांच्या शेजारी."

"आणि आई?"

"नाल्याकडं."

"एकटीच?"

मला रडू आलं. बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "उत्तमला ह्यातलं काही कळता कामा नये," ते म्हणाले. "फार रडलाय बिचारा. आत्यालाही नको. चप्पल घाल."

स्कूटरवर मागं बसून मी फुलंब्रीच्या रस्त्यानं निघाले. मांडीवर माझाच जेवणाचा स्टीलचा डबा, रिकामा. स्कूटरवर सासऱ्यांच्या मागं बसून ओक्साबोक्शी रडणाऱ्या सुनेकडं बघत टेम्पोवाले हॉर्न वाजवत होते. काय समज झाला असेल त्यांचा, देव जाणे.

वरच्या कोपऱ्यात बाबांनी अग्नी दिला त्या जागेवरची काळी माती डब्यात भरली. पलीकडून उत्तमची हाक आली, "दादा, काय न्यायलाव?"

"तुळशीला घालतो," बाबा म्हणाले.

उत्तमचे डोळे भरून आले. त्यानं लगेच तात्यांच्या ओट्यापासची मूठभर माती आणून आमच्या डब्यात टाकली. "आमच्या तात्याचीबी घ्या. आता काय वेगळं हाय?"

नको म्हणता येईना. बाबांनी डबा बंद केला.

नाल्याकडच्या कोपऱ्यात आलो. तिथं नांगरटीत चुन्याचे पांढरे खडे वर आलेले होते, जुन्या बांधकामाचे. बारव होती. इथंच होती. बाबा उकिडवे बसले, हातानं जमीन साफ केली आणि डबा उपडा केला.

"आई," ते म्हणाले, "आप्पांना आणलंय. थोडेच आलेत, चालवून घे. आणि बरोबर रंभाजी तात्यापण आलाय. त्याला काही बोलू नकोस. माणसं चांगली निघाली."

ऊन कलायला लागलं. मला वाटलं, आता ते मला काहीतरी बोलतील. बोलायलाच हवं होतं. घरी बोलले नव्हते, वाटेतही नाही.

बाबा गुडघ्यांवर हात टेकून उठले. रिकामा डबा त्यांनी माझ्या हातात दिला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले,

"सूनबाई, माझी वेळ येईल तेव्हा मला गावाकडं आणू नकोस. शहरातच त्या विद्युतदाहिनीत ने. तिथं एकच दार असतं."